मूक सेवकाचे वार्धक्य

वाशीमहून पुसदकडे जाताना अनसिंगच्या आसपास एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी प्रत्येक खड्ड्यागणिक ‘खट्‌’ असा आवाज करू लागली, की मालक बहुधा कमानपाट्यांनाच दोषी ठरवून मोकळा होतो. परंतु वास्तविक गुन्हेगार पुष्कळदा पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्यात दडलेला, अंगठ्याएवढा रबरी बुश असतो.

१८३९ साली चार्ल्स गुडइयर याला गंधक व उष्णता यांच्या संयोगाने रबर टिकाऊ करण्याची युक्ती गवसली. गंधकाने परस्परांस जखडलेल्या रबराच्या दीर्घ रेणुशृंखला ताणल्या जाऊन पुन्हा पूर्वस्थितीस येतात. म्हणूनच लोखंडाचा लोखंडाशी होणारा कलह बुशरूपी हा मूक सेवक आपल्या अंगावर घेतो. मात्र वऱ्हाडचे ऊन, हवेतील ओझोन आणि इंजिनातून गळणारे तेल यांच्या संगतीने तो कडक होतो, भेगाळतो किंवा फुगतो. जीपसारख्या, चासीवर स्वतंत्र बॉडी असलेल्या गाडीत बॉडीखालच्या रबरी गाद्यांचीही हीच गत होते.

जुना बुश हातोड्याने ठोकण्यापेक्षा लांब बोल्ट, नट आणि पाइपाचा तुकडा यांच्या साह्याने हळूहळू ओढून काढावा. नवा बसवताना ग्रीस नव्हे, साबणाचे पाणी लावावे. कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. आणि सर्वांत महत्त्वाचे, गाडी चाकांवर उभी करून तिचा भार पाट्यांवर आल्यावरच शेवटचा नट आवळावा. अधांतरी आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहून अकाली फाटते.