कला दांडेकरचा निर्णय

हिंदी सिनेमाने खंडाळ्याला एक काम फार पूर्वीच नेमून दिलं आहे. १९९८ साली ‘गुलाम’मधल्या गाण्याने ते देशभर पोचवलं इतकंच, मुंबई-पुण्याच्या माणसाला ते आधीपासून ठाऊक होतं. बोरघाट चढून गेलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर खाली राहते, घरात उच्चारता न येणारी गोष्ट तिथल्या धुक्यात उच्चारता येते, आणि संध्याकाळच्या गाडीने परतल्यावर काही घडलंच नाही असं वागता येतं. दूरचित्रवाणीवरच्या विज्ञानकथेने परग्रहाचा, पुढच्या शतकांचा आणि समांतर विश्वांचा वापर साठ वर्षं असाच केला. स्त्री आणि पुरुष दोघांच्याही प्रेमात पडू शकणारी माणसं, कोणाची परवानगी न घेता निर्णय घेणाऱ्या बायका, अशी जी पात्रं घरगुती मालिकांना परवडत नव्हती, त्यांना या मालिकांनी लांब नेऊन का होईना, पण दाखवलं. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मात्र त्यासाठी या प्रकाराने एक किंमत मोजली. कल्पित विज्ञान पात्राच्या प्रेमाची सबब झालं, की ते प्रेम पात्राचं उरत नाही. ते यंत्राचं, ग्रहाचं किंवा शतकाचं होतं. ही सबब काढून टाकण्याची हिंमत मला दिसली ती मुंबईतल्या, मराठी आडनावांच्या एका काल्पनिक जोडप्याच्या कथेत. मराठी वाचकाने या विषयाकडे पाहावं याचं मोठं कारण तेच आहे.

आधी सबबीचा इतिहास पाहू. ‘स्टार ट्रेक’ १९६६ साली सुरू झाली. लेफ्टनंट उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी यानाच्या मुख्य कक्षात कामाला बसलेली दिसणं, हीच त्या काळातल्या अमेरिकेत मोठी गोष्ट होती. पण १९६८ मध्ये कॅप्टन कर्क आणि उहुरा यांचं गाजलेलं चुंबन आलं तेव्हा कथेत ते दोघं स्वतःहून जवळ आलेच नव्हते. मनःशक्ती असलेल्या परग्रहवासीयांनी त्यांना तसं करायला भाग पाडलं होतं. १९९५ मध्ये याच परिवारातल्या ‘डीप स्पेस नाइन’ने दोन स्त्रियांचं चुंबन दाखवलं. जॅडझिया डॅक्सच्या शरीरात एक दीर्घायुषी सहजीव राहतो, तो पूर्वी एका पुरुषाच्या देहात होता, आणि समोरची स्त्री त्या जन्मीची त्याची बायको. म्हणजे मूळ नातं नवरा-बायकोचं. बाईला बाई आवडली असं कोणी म्हणायला नको. त्याच मालिकेतल्या किरा या अधिकारी स्त्रीचं उलट्या विश्वातलं प्रतिरूप पुरुषांबरोबर स्त्रियांकडेही ओढलं जातं, आणि ते क्रूर, विलासी सत्ताधीश आहे. सज्जन किराला ही ओढ नाही, ती दुष्ट प्रतिरूपाला दिली आहे. ‘बॅबिलॉन ५’मध्ये सुसान इव्हानोवा आणि टालिया विंटर्स यांचं नातं १९९५ मध्ये जुळता जुळताच टालियाच्या मेंदूत पेरलेलं दुसरं व्यक्तिमत्त्व जागं होतं आणि ओळखीची टालिया संपते. तिच्यावर आपलं प्रेम होतं, हे इव्हानोवा पुढे बोलून दाखवते, पण तोवर ऐकायला टालिया उरलेली नसते. २००५ मध्ये ‘डॉक्टर हू’मध्ये आलेला आणि पुढे ‘टॉर्चवुड’चा नायक झालेला कॅप्टन जॅक हार्कनेस या सगळ्यांपेक्षा मोकळा. तो कोणावरही लुब्ध होतो आणि त्याची लाज बाळगत नाही. पण तो एकावन्नाव्या शतकातला माणूस आहे, ही चिठ्ठी त्याच्या खिशात कायम असते.

कणखर बाईचीही गत फार निराळी नाही. १९९५ मध्ये ‘व्हॉयेजर’ची कॅप्टन जेनवे आली. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या नव्या अवतारात, मूळच्या पुरुष स्टारबकच्या जागी स्त्री वैमानिक आली. दोघी उत्तम लिहिल्या गेल्या. तरी एकूण प्रवाहात बाईचं सामर्थ्य म्हणजे गोळी, ठोसा आणि घट्ट कपडे हे समीकरण टिकून राहिलं. आपल्याकडे तर २०१६ मध्ये लाइफ ओके वाहिनीवर ‘बहू हमारी रजनी कांत’ आली. त्यातली सून यंत्रमानव आहे, शास्त्रज्ञाने बनवलेली, आणि तिची सगळी अचाट ताकद सासरच्या घरातच खर्ची पडते. सून न थकणारी असावी, ही जुनी अपेक्षा तिथे अक्षरशः पुरी झाली. त्याच्या उलट २०२१ च्या ‘ओके कॉम्प्युटर’मधली लक्ष्मी सुरी पाहा. पुण्यात वाढलेल्या राधिका आपटेने रंगवलेली ही बाई यंत्रमानवांच्या हक्कांसाठी भांडते. तिचं शस्त्र युक्तिवाद आहे, आणि तो चुकला तरी तिचाच असतो. २०२३ च्या ‘काला पानी’तली डॉक्टर सौदामिनी सिंग अंदमानातली साथ ओळखणारी पहिली व्यक्ती. मालिकेने तिला लवकर मारलं, ही मला त्या मालिकेची सगळ्यात मोठी चूक वाटते.

आता ‘सेन्स८’कडे येऊ. लाना आणि लिली वाचोव्स्की या दोघी बहिणींनी, ‘बॅबिलॉन ५’चा कर्ता जे. मायकल स्ट्राझिन्स्की याच्यासह ही मालिका निर्माण केली. दोघीही ट्रान्स स्त्रिया. जून २०१५ मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली. जगातल्या वेगवेगळ्या शहरांतल्या आठ अनोळखी माणसांची मनं एकमेकांना जोडली जातात. एकाला लागलेला मार दुसऱ्याला जाणवतो, एकाची भाषा आणि कौशल्य दुसऱ्याच्या कामी येतं, आणि एकाचं सुखही सगळ्यांचं होतं. या आठांतली एक कला दांडेकर. मुंबईत औषधनिर्मितीच्या कंपनीत काम करणारी, गणपतीवर श्रद्धा असलेली मुलगी. टीना देसाईने ती साकारली आणि तिच्या वडिलांचं काम अनुपम खेर यांनी केलं. मालकाचा मुलगा राजन रसाळ याच्याशी तिचं लग्न ठरतं. तो भला आहे, तिच्यावर मनापासून प्रेम करतो, आणि तिला त्याच्याबद्दल प्रेम वाटत नाही. दुसरीकडे मनाच्या जोडणीतून तिला बर्लिनमधला वोल्फगांग भेटतो. तो तिजोऱ्या फोडणारा, हिंसेत वाढलेला माणूस.

वरवर पाहता कला ही आठांतली सगळ्यात मऊ. सोलची सुन बाक किकबॉक्सिंगमध्ये कोणालाही लोळवते, त्यामुळे कणखर स्त्रीचा विषय निघाला की प्रेक्षक तिचंच नाव घेतात. मला कला जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्या पर्वाच्या शेवटी वोल्फगांग गोळीबारात सापडतो तेव्हा ती रसायनशास्त्राच्या ज्ञानावर, स्वयंपाकघरात मिळणाऱ्या वस्तूंपासून स्फोटक तयार करून त्याला वाचवते. म्हणजे जे काम ती रोज करते, तेच तिचं बळ. दुसऱ्या पर्वात नवऱ्याच्या कंपनीतून मुदत उलटलेली औषधं आफ्रिकेत जातात हे कळल्यावर ती त्याला समोर बसवून जाब विचारते. लग्नामुळे तिचा विवेक सुटीवर गेलेला नाही. तिची श्रद्धाही मालिकेने खोडून काढली नाही. राजनचे वडील कट्टर बुद्धिवादी. त्यांच्यावर देवळात हल्ला होतो. हे दृश्य २०१५ मध्ये आलं, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर दोन वर्षांनी, आणि मराठी प्रेक्षकाला ते वेगळं टोचल्याशिवाय राहत नाही. कला दोन्ही बाजूंच्या मधे उभी आहे: प्रयोगशाळेतही प्रामाणिक, देवापुढेही प्रामाणिक. विज्ञानमालिकेत अशी स्त्री क्वचित सापडते.

नेटफ्लिक्सने १ जून २०१७ रोजी मालिका बंद केली. प्रेक्षकांनी एवढा आग्रह धरला की महिनाभरात शेवटच्या मोठ्या भागाची घोषणा करावी लागली, आणि तो भाग ८ जून २०१८ रोजी आला. त्यात प्रेमत्रिकोण कसा सुटतो? कला दोघांपैकी एकाला निवडत नाही. शेवटी ती, वोल्फगांग आणि राजन तिघं एकत्र आहेत, आणि त्या जवळिकीतून राजन आणि वोल्फगांग हे दोन पुरुषही वगळलेले नाहीत. इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कला आणि वोल्फगांग यांची मनं जोडलेली आहेत. त्यांच्या बाबतीत पुन्हा म्हणता येईल, की ही त्या कल्पित जीवशास्त्राची करामत. राजन मात्र त्या आठांतला नाही. त्याच्या मेंदूत कसलीही जोडणी नाही, कुठला पूर्वजन्म नाही, तो भविष्यातून आलेला नाही. तो मुंबईचा व्यापारी आहे, अग्नीभोवती फेरे घेतलेला नवरा आहे. तो जे करतो ते पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने करतो. अनेक दशकं या प्रकाराने जी सबब जपली, ती इथे गळून पडते, आणि ती गळते एका मराठी आडनावाच्या माणसापाशी. हा भाग आला तेव्हा भारतात कलम ३७७ पूर्ण रूपात लागू होतं. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं ६ सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांनी.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की ही परदेशी लोकांनी रचलेली मुंबई आहे. पात्रं इंग्रजी बोलतात, गणपती आणि लग्नाचा नाच सजावटीसारखा येतो, आणि दांडेकरांच्या घरात असलं काही घडत नसतं. सजावटीबद्दलची तक्रार रास्त आहे. पण ‘आपल्यात असलं नसतं’ हे म्हणणं मराठी रंगभूमीनेच खोटं ठरवलं आहे. प्रशांत दळवी यांचं ‘चारचौघी’ १९९१ मध्ये आलं. त्यातली धाकटी विनी दोन पुरुषांवर प्रेम करते आणि दोघांतल्या एकाची निवड करायला नकार देते. प्रेक्षकांनी ते नाटक डोक्यावर घेतलं, आणि २०२२ मध्ये नव्या संचात ते परत आलं तेव्हाही नाट्यगृहं भरली. मूळ ‘चारचौघी’च्या आधी दहा वर्षं, १९८१ मध्ये, विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’मध्ये स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मध्यवर्ती ठेवली होती, ती भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली, आणि नव्या ‘चारचौघी’तली आईही त्याच. म्हणजे कला दांडेकरला मराठीत पूर्वज आहेत. ती परकी वाटते याचं कारण आपल्या दूरचित्रवाणीत आहे, तिने या नाटकांचा वारसा उचललाच नाही. आमच्या मालिकांत बायका खंबीर असतात असं सांगितलं जातं, आणि ते खोटंही नाही. पण तिथे खंबीरपणा बहुतेक वेळा सोसण्याच्या मापाने मोजला जातो. कोण किती काळ सहन करते यावर नायिका ठरते, काय ठरवते यावर नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो उभयलैंगिक माणसांकडूनच येतो. बायसेक्शुअल माणसाला एकाच वेळी दोघं हवी असतात, त्याला एकनिष्ठ राहता येत नाही, हा गैरसमज आधीच घट्ट आहे. तिघांच्या शय्येवर शेवट करून ‘सेन्स८’ त्याला खतपाणीच घालते. या आक्षेपात तथ्य आहे. मी त्याला एवढंच उत्तर देईन, की एका कथेवर साऱ्या माणसांचं प्रतिनिधित्व लादलं गेलं की ती कथा अपुरी पडणारच, आणि उपाय म्हणजे अशा आणखी, वेगवेगळ्या कथा. ‘द हंड्रेड’मधली क्लार्क ग्रिफिन पुरुषावर प्रेम करते, मग लेक्सा या स्त्रीवर, आणि मालिकेत कोणी त्याचा खुलासा मागत नाही. तिच्यापुढे जगण्याचे आणि नेतृत्वाचे इतके मोठे प्रश्न आहेत, की तिची ओढ हा प्रश्नच राहत नाही. उभयलैंगिक पात्र लिहिण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. आणि त्याच मालिकेने मार्च २०१६ मध्ये, दोघींच्या मीलनानंतर काही क्षणांतच, भलत्याला उद्देशून झाडलेल्या गोळीने लेक्साला मारलं. चाहत्यांचा संताप इतका होता की मालिकाकर्त्याला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. मराठीत सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही २००६ ची कादंबरी इथे आठवते. पुण्यातल्या एका घरात आलेला भाडेकरू, त्याच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण, आणि एक दिवस त्याचं नाहीसं होणं. भाऊ बोलतो, बहीण बोलते. दोघांनाही जवळ करणारा तो मात्र स्वतःच्या तोंडाने काहीच बोलत नाही. कादंबरी म्हणून तिची ताकद त्या मौनातच आहे, हे मान्य. पण उभयलैंगिक माणूस आला, भुलवून गेला, नाहीसा झाला, हे रूप आपण किती काळ पुरवणार? राजन रसाळ निदान नाहीसा होत नाही.

तिसरं म्हणणं असं ऐकू येतं, की मराठीत विज्ञानमालिका मुळात कुठे आहेत, मग त्यांतल्या पात्रांच्या लैंगिकतेची चर्चा कशाला? मालिका कमी आहेत. विज्ञानकथा कमी नाहीत. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची, म्हणजे ‘स्टार ट्रेक’च्याच वयाची. तिच्या कथास्पर्धेतून १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा आली, टोपणनावाने धाडलेली, आणि लेखक निघाले जयंत नारळीकर. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी ही परंपरा वाढवली. तिच्यात माणसाच्या मनाला हात घालणाऱ्या कथा आहेत, पण स्त्री-पुरुष संबंधांपाशी आल्यावर ती अनेकदा संकोचते, हे तिच्यावर प्रेम करणाऱ्यानेही मान्य करावं. मेंदू, स्मृती, क्लोन, कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांवर लिहिणाऱ्याला ओढ आणि जवळीक टाळून पुढे जाताच येत नाही.

म्हणून आपल्या ओटीटी कंपन्यांना आणि त्यांच्यासाठी लिहिणाऱ्या तरुण लेखकांना विनंती आहे. विज्ञानकथा मराठीत आणा, ती पिंपरीच्या कारखान्यात, आयुकाच्या आवारात, लोणावळ्याच्या एखाद्या सोसायटीत घडू द्या. नायिकेला आधी तिचं काम द्या आणि त्या कामातून तिचं बळ दाखवा. आणि तिला पुरुषही आवडत असेल, बाईही आवडत असेल, तर त्यासाठी तिला दुसऱ्या ग्रहावर पाठवू नका.