घणाखाली न जुळणारे थर

दोन जातींच्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचून, भट्टीत तापवून व ठोकून एकजीव केल्या, की घासून आम्ल लावल्यावर लहरी उमटतात. यालाच आज ‘दमास्कस’ म्हणतात. भाईंदर हे स्टीलच्या भांड्यांचे गाव. इथल्या हौशी कारागिराच्या हाती टाकाऊ स्टेनलेस पत्रा लागणे स्वाभाविक. पण त्यावरील क्रोमियम ऑक्साइडचा थर साध्या टाकणखाराला दाद देत नाही, आणि जोड धरत नाही.

साधे पोलाद घेऊनही जोड फसतो. तेव्हा घण अधिक जोराने घातला जातो. वस्तुतः दोष बहुधा घण उचलण्यापूर्वीचाच असतो. पट्ट्यांवर तेल वा कीट राहिलेले असते, भात्याचा वारा अतोनात झाल्याने नवे कीट धरते, किंवा बाहेरून पिवळा दिसणारा गठ्ठा गाभ्यात तांबडाच असतो. टाकणखार ७४३ अंश सेल्सिअसला वितळतो. जोडाला मात्र सुमारे १२०० अंश लागतात, तेही आतवर मुरलेले. पहिले घाव हलके, मध्याकडून कडेला घालावेत, म्हणजे वितळलेला मळ बाहेर पडतो.

गठ्ठा निवताना न जुळलेल्या जागेवरचा थर आधी काळवंडतो. आत कीट असेल तर नुसते ठोकणे व्यर्थ. फट उघडून, घासून स्वच्छ करूनच पुन्हा तापवावे.

आपले लोहार कोयत्याच्या लोखंडाला पोलादी धार याच रीतीने जोडत आले. (तथागतांना अखेरचे भोजन देणारा चुंदही कर्मारपुत्रच.) त्या जोडात फट राहिली, तर ऐन तोडणीत धार उकलते, आणि इजा होते ती ऊसतोड्याला.