३६० पत्त्यांचा क्यूब कसा जुळवावा

मॅजिक: द गॅदरिंग हा खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं रचला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीनं तो १९९३ मध्ये बाजारात आणला. बंद पाकिटातले पत्ते विकत घ्यायचे, अदलाबदल करायची आणि आपला डेक बांधून समोरच्याशी खेळायचं, ही त्याची मूळ रीत. अशा खेळात ज्याचा खिसा मोठा त्याचा डेक भारी, हे ओघानंच आलं. क्यूब ही त्यावर खेळाडूंनी स्वतः काढलेली वाट आहे. एकानं काही शे पत्ते, शक्यतो प्रत्येकाची एकच प्रत, निवडून पेटीत ठेवायचे. मंडळी जमली की सगळ्यांनी त्याच पेटीतून डेक उभे करायचे आणि खेळून झालं की पत्ते परत पेटीत. पैसे एकदाच लागतात, एकाचेच लागतात आणि डाव मात्र कित्येक वर्षं चालतो.

पेटीतून डेक निघतो तो ड्राफ्टमधून. आठ जण गोल बसतात. पत्ते पिसून पंधरा-पंधराचे गठ्ठे करायचे आणि प्रत्येकाला तीन द्यायचे. पहिला गठ्ठा उघडून त्यातला एक पत्ता ठेवायचा, उरलेले चौदा डावीकडे सरकवायचे. उजवीकडून आलेल्या चौदांतून एक घ्यायचा, पुन्हा सरकवायचं, असं गठ्ठे संपेपर्यंत. दुसरा गठ्ठा उजवीकडे फिरतो, तिसरा पुन्हा डावीकडे. शेवटी प्रत्येकाकडे ४५ पत्ते जमतात. आठ गुणिले ४५ म्हणजे ३६०. लहानात लहान क्यूबचा रूढ आकडा इथूनच आला. या ४५ मधले साधारण २३ पत्ते डेकमध्ये जातात, त्यांत १७ साध्या लँड (माना, म्हणजे पत्ते खेळायला लागणारी ऊर्जा, देणारे पत्ते) घातल्या की ४० चा डेक तयार. या साध्या लँड क्यूबमध्ये मोजत नाहीत, त्या वेगळ्या डब्यात ठेवून हव्या तितक्या वापरायच्या असतात.

आता एक हिशेब नीट पाहा, कारण क्यूबची सगळी गंमत त्यात आहे. आपण उघडलेला पहिला गठ्ठा आठ जणांच्या हातांतून फिरून नवव्या खेपेला आपल्याकडे परत येतो, तेव्हा त्यात सात पत्ते उरलेले असतात. तोवर आपल्या हातातून १५, १४, १३ असे उतरत आठपर्यंत, म्हणजे ९२ वेगवेगळे पत्ते गेलेले असतात. तीन फेऱ्यांत २७६. म्हणजे क्यूबचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग प्रत्येक खेळाडू डोळ्यांखालून घालतो. पहिल्या गठ्ठ्यात सातव्या खेपेला चांगला हिरवा (खेळातल्या पाच रंगांपैकी एका रंगाचा) पत्ता आला, तर उजवीकडे बसलेले सहा जण हिरव्याकडे वळलेले नाहीत, असा अंदाज बांधता येतो. फिरून आलेल्या गठ्ठ्यातून काय गेलं, काय उरलं, हेही बोलतं. क्यूब जुळवणारा खरं तर डेक बांधत नाही. आठ जणांनी एकमेकांशी न बोलता जे हेरायचं, सोडायचं आणि धरायचं असतं, त्याची तो मांडणी करतो.

म्हणूनच घरातले सर्वांत भारी पत्ते एकत्र केले की क्यूब झाला, ही समजूत मला मुळातच चुकीची वाटते. सोल रिंग हा पत्ता घ्या. एक माना देऊन तो टेबलावर येतो आणि दर खेळीला दोन माना देतो. त्याला कुठलाच रंग नाही, त्यामुळे तो कोणत्याही डेकमध्ये बसतो. अशा पत्त्यासमोर खेळाडूला विचारच करावा लागत नाही; जो पाहील तो घेईल आणि ज्याच्या हाती लागेल तो पुढे निघून जाईल. काही क्यूब मुद्दाम अशाच जबरदस्त पत्त्यांचे असतात आणि तिथे सगळेच भारी असल्यानं ते चालतंही. पण बाकी पत्ते मध्यम ताकदीचे असतील तर सोल रिंग बाहेर ठेवावी. नवख्यानं फक्त ‘कॉमन’ दर्जाच्या पत्त्यांचा क्यूब करावा, असं मी आवर्जून सांगेन. खर्च कमी येतो आणि ताकद बऱ्यापैकी सारखी राहते.

पत्ता निवडताना विचारायचा प्रश्न एकच: हा किती जणांना, कोणत्या वेगवेगळ्या कारणांसाठी हवासा वाटेल? यंग पायरोमॅन्सर हा लाल पत्ता दोन मानाचा. आपण इन्स्टंट किंवा सॉर्सरी (एकदाच परिणाम करून संपणारे मंत्र-पत्ते) खेळलो की तो दर वेळी एक छोटा, एक ताकदीचा प्राणी देतो. निळ्या-लाल डेकला तो हवा असतो, कारण तिथे इन्स्टंट-सॉर्सरींचीच भरती. पांढऱ्या-लाल डेकला हवा, कारण तिथे इंटँजिबल व्हर्च्यू हा पत्ता अशा छोट्या टोकन (दुसऱ्या पत्त्यातून निर्माण झालेल्या) प्राण्यांच्या फौजेला बळ देतो. काळ्या-लालला वेगळ्याच कारणासाठी हवा: व्हिसेरा सीअर हा पत्ता प्राण्यांचा बळी घेतो, ब्लड आर्टिस्ट हा प्रत्येक मरणामागे प्रतिस्पर्ध्याचं एक आयुष्य कमी करून आपलं एकानं वाढवतो आणि बळी द्यायला पायरोमॅन्सरची पिलं तयारच असतात. हा एक पत्ता गठ्ठ्यात दिसला की तीन खेळाडू तीन वेगळे डेक डोळ्यांपुढे आणतात. याच्या उलट स्लिव्हर. १९९७ च्या टेम्पेस्ट संचात हे प्राणी आले. एकाचा गुण सगळ्या स्लिव्हरांना मिळतो. जातीनं सुंदर कल्पना, पण क्यूबमध्ये वीस स्लिव्हर घातले तर ते एकालाच हवे असतात. बाकी सात जणांसाठी ते वीस पत्ते असून नसल्यासारखे. आठ डेकना मिळून १८४ पत्ते लागतात, म्हणजे पेटीतले जेमतेम अर्धे. ही सैल जागा पुरेशी वाटते, पण असे एकमार्गी पत्ते वाढले की ती भराभर संपते.

आकड्यांची सुरुवात म्हणून मी अशी विभागणी सुचवेन. पाच रंगांचे प्रत्येकी ५० म्हणजे २५०. दोन रंगांच्या दहा जोड्या होतात, त्यांचे प्रत्येकी तीनच, म्हणजे ३०. दुरंगी पत्ता दिसायला आकर्षक असतो, पण तो नेमक्या त्या जोडीवाल्यालाच खेळता येतो, म्हणून इथे हात आखडता ठेवावा. ४० पत्ते रंगहीन. उरलेल्या ४० दुरंगी लँड, दर जोडीला चार. लँड निवडणं कंटाळवाणं वाटतं, पण त्या कमी पडल्या तर दुसऱ्या रंगाचे पत्ते हातात अडकून राहतात, आणि हरणाऱ्याला आपण खेळलोच नाही असं वाटतं.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते एक मानाच्या प्राण्यांकडे. ते एकेकटे फुटकळ दिसतात. पण झटपट हल्ला करणारा डेक त्यांच्यावरच उभा असतो, आणि तो डेक कमकुवत राहिला की सगळे चार-चार रंगांचे संथ डेक बांधून बसतात, कारण घाई करायला लावणारं कुणी उरत नाही. ४० च्या डेकमध्ये असे तीन प्राणी असतील तर सुरुवातीच्या सात पत्त्यांत निदान एक येण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के. सात असतील तर ७७ टक्के. एका डेकला सात मिळायचे, तर पांढऱ्या आणि लाल रंगात प्रत्येकी आठ-नऊ तरी हवेत, कारण ते वाटले जाणार आहेत.

आकार वाढवला की हे गणित बदलतं. ५४० चा क्यूब असेल तर आठ जणांच्या ड्राफ्टमध्ये त्यातले दोन तृतीयांश पत्तेच येतात. एखादा डेक विशिष्ट दोन पत्त्यांच्या जोडीवर अवलंबून असेल, तर ते दोन्ही त्या दिवशी टेबलावर असण्याची शक्यता ४४ टक्केच, आणि ते एकाच खेळाडूच्या हाती लागणं त्याहून दुर्मीळ. मोठ्या क्यूबमध्ये म्हणून एकच काम करणारे चार-पाच पत्ते घालावे लागतात. विविधता हवी म्हणून आकार वाढवणाऱ्यांनी ही किंमत लक्षात घ्यावी. मला स्वतःला ३६० चा घट्ट विणलेला क्यूब जास्त भावतो.

आठ जण दर वेळी जमत नाहीत. दोघंच असाल तर नऊ पत्ते तीन-तीनच्या चौकटीत उघडे मांडा. पहिल्यानं एक आडवी किंवा उभी ओळ उचलायची, दुसऱ्यानं उरलेल्यांतून एक, बाकीचे बाजूला. असं अठरा वेळा करायचं, १६२ पत्ते लागतात, आणि दर नव्या चौकटीला पहिली निवड आळीपाळीनं बदलायची. इथे सगळं उघडं असल्यानं समोरच्याला काय हवंय हे दिसतं, आणि ते मोडून काढायचा मोहही होतो.

पहिला ड्राफ्ट झाला की पत्ते लगेच पिसू नका. आधी प्रत्येकानं डेकबाहेर ठेवलेले पत्ते पाहा आणि शेवटच्या तीन-चार खेपांना कोणते हाती आले ते विचारून टिपून ठेवा. एकाच ड्राफ्टवरून कुठल्याच पत्त्याला काढू नका. तोच पत्ता पुन्हा पुन्हा तळाला जात असेल, तर तो खरंच दुबळा आहे की त्याला साथ देणारे पत्ते कमी पडतायत, हे तपासा. बहुतेक वेळा दुसरं कारण निघतं, आणि मग त्या पत्त्याला काढण्याऐवजी शेजारचे दोन वाढवावे लागतात. एका वेळी पाच-सहाच बदल करा. वीस बदलले तर पुढचा ड्राफ्ट सुधारला की बिघडला हे कळेल, पण कशामुळे ते कळणार नाही.