दण्ड, माता-पिता आणि अधिकार : भिवंडीच्या अनुभवाचा धम्मदृष्टीने विचार

लहान मूल रडू लागले की "गप्प बस, नाहीतर पोलिसाला देईन" हे वाक्य आपल्या घरोघरी सहज उच्चारले जाते. तेच मूल पंधरा-सोळा वर्षांचे होऊन वाईट संगतीस लागले म्हणजे काही पालक त्याला स्वतःच चौकीवर घेऊन जातात आणि "साहेब, याला चांगला चोप द्या" अशी विनंती करतात. पुढे त्याच वस्तीत लाठीमार किंवा गोळीबार झाला, तर तीच माणसे पोलिसास शत्रू मानू लागतात. या तिन्ही वर्तनांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती ही की अधिकार म्हणजे भय. ही समजूत धम्मास मान्य आहे काय, आणि माता-पित्यांनी मुलांना अधिकाराविषयी काय शिकवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. भिवंडी या यंत्रमागांच्या शहराचा गेल्या अर्धशतकाचा अनुभव त्यासाठी अत्यंत उद्बोधक आहे.

सिगाल सुत्तातील कर्तव्यांची दुहेरी मांडणी

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त गृहस्थांचा विनय म्हणून ओळखले जाते. राजगृहातील सिगाल हा गृहपतिपुत्र पित्याच्या अखेरच्या सांगण्यावरून रोज पहाटे सहा दिशांना वंदन करीत असे. तथागतांनी त्याला त्या दिशांचा खरा अर्थ समजावून सांगितला. पूर्व दिशा म्हणजे माता-पिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक व कामकरी आणि वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, या सहा दिशांत राजाची दिशा नाही. गृहस्थाने ज्यांचा आदर करावयाचा त्या नात्यांत सत्तेला वेगळे आसन दिलेले नाही. दुसरी ही की, प्रत्येक नात्यात कर्तव्ये दोन्ही बाजूंना आहेत. मुलाने माता-पित्यांचा सांभाळ करावा, त्यांची कामे करावीत, वारशास पात्र व्हावे; तर माता-पित्यांनी त्याला पापापासून आवरावे, कल्याणकारी मार्गास लावावे, एखादी विद्या वा कला शिकवावी, योग्य वेळी त्याचा विवाह करून द्यावा आणि वारसा त्याच्या हाती सोपवावा. ज्याच्याकडे केवळ आदर घेणे आहे आणि देणे काहीच नाही, असे एकही स्थान या सुत्तात आढळत नाही.

पालकांच्या पाच कर्तव्यांत पापापासून आवरणे हे प्रथम येते. ज्या पित्याने हे कर्तव्य पोलिसाच्या काठीवर सोपविले, त्याने आपली दिशा उघडी टाकली असे म्हणावे लागेल.

बल केव्हा समर्थनीय ठरते?

तर मग बलाचा वापर धम्मास सर्वथा अमान्य आहे काय? मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्त या प्रश्नावर प्रकाश टाकते. अभय राजकुमाराच्या मांडीवर एक तान्हे बालक होते. तथागतांनी त्याला विचारले की, या बालकाने काटकी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? राजकुमाराने उत्तर दिले की, मी तो काढीन. सहज निघाला नाही तर डाव्या हाताने त्याचे डोके धरून, उजव्या हाताचे बोट वाकवून, रक्त आले तरीही काढीन, कारण मला बालकाविषयी करुणा आहे. मूळ सुत्तात हा दृष्टान्त अप्रिय पण हितकर वाणीविषयी आला आहे. तथापि बलप्रयोगाची सर्व कसोटी त्यात सामावली आहे. बोट घशात जाते ते मुलासाठी. ते खड्यापुरतेच जाते. आणि खडा निघताच बाहेर येते. खडा निघाल्यावरही जे बोट आत राहते, त्यास करुणा म्हणता येत नाही.

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही हाच विवेक सांगितला आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात त्यांनी बलाचे दोन प्रकार दाखविले : कार्य साधणारी शक्ती आणि नाश करणारी हिंसा. अपराध्यास शासन करणे त्यांनी नाकारले नाही. मात्र शासन करणाऱ्याच्या मनात वैर नसावे, ही अट कायम ठेवली.

आपल्या कायद्यातही ही मर्यादा आहे. अटक केलेली व्यक्ती निसटू नये यासाठी आवश्यक तेवढाच अटकाव करावा, अधिक नव्हे, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४९ सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६ मध्ये तीच तरतूद आहे. चोप देणे ही शिक्षा या देशातील कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याच्या अधिकारात नाही. म्हणून "चोप द्या" म्हणणारा पालक पोलिसास कायदा मोडण्याचीच विनंती करीत असतो.

भिवंडीचा धडा

मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भिवंडीत भीषण दंगल उसळली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली आणि दंगलीनंतरच्या पोलीस तपासात झालेल्या पक्षपातावर कठोर ठपका ठेवला. मे १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटले. दोन्ही वेळी पोलिसांचे बळ नंतर येऊन पोहोचले. विश्वास तर आधीही नव्हता आणि नंतरही उरला नाही.

१९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी आणि त्या भागातील पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले. नळाचे भांडण, भाडेकरूचा वाद, पोरांची मारामारी, असे लहान तंटे तेथेच मिटू लागले. पोलीस शिपाई वस्तीला नावाने ओळखू लागला आणि वस्ती त्याला. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली. भिवंडी मात्र शांत राहिली.

परंतु विश्वास एकदा मिळविला म्हणून कायमचा राहत नाही. ५ जुलै २००६ रोजी क्वार्टर गेट परिसरात पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या वादातून जमाव व पोलीस समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मरण पावली आणि त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांची हत्या केली. चारही घरांत कोणाची तरी आई होती. गोळी आणि जमावाचा दगड, दोहोंच्या मागे समोरच्याला माणूस म्हणून न ओळखणे हेच होते.

आपल्या समाजालाही हा अनुभव परका नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात १० जणांचा बळी गेला. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरविला. पण तेव्हापासून आपल्या वस्त्यांत मुलांना काय शिकविले जाते? कोठे निव्वळ भीती, तर कोठे निव्वळ चीड. या दोहोंतून नागरिक घडत नाही.

अशोकाची आज्ञा

भिवंडीपासून फार दूर नसलेल्या सोपारे येथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे अवशेष सापडले आहेत. त्याच सम्राटाने कलिंगात, धौली व जौगड येथे, नगरातील न्याय पाहणाऱ्या महामात्रांसाठी स्वतंत्र आज्ञा कोरविली. सर्व प्रजा माझी अपत्ये आहेत, असे तो तेथे सांगतो. आणि लगेच अधिकाऱ्यांना बजावतो की, कोणासही विनाकारण बंधन वा छळ होऊ नये. मत्सर, क्रोध, निष्ठुरता, उतावीळपणा, आळस आणि थकवा हे दोष न्यायाच्या आड येतात, असेही तो नोंदवितो. या यादीतील थकवा विशेष विचारार्ह आहे. सलग बंदोबस्तात उभ्या असलेल्या, घरी मुलाचे तोंड न पाहिलेल्या शिपायाच्या हातातील काठी लवकर उठते. सिगाल सुत्ताने सेवकाला शक्तीनुसार काम आणि वेळेवर विश्रांती देण्यास सांगितले आहे, ते शासनासही लागू आहे.

माता-पित्यांनी काय करावे?

राहुल लहान असताना तथागतांनी त्याला आरशाचा दृष्टान्त दिला. कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर, याने मला किंवा इतरांना पीडा होते काय, हे पाहावे, असे त्याला सांगितले. एका पित्याने पुत्रास शिस्त लावण्याची ही रीत आहे. तीत ना धाक आहे, ना मोकाट सोडणे.

तेव्हा पोलिसाचे भय घालून मुलाला गप्प करणे प्रथम सोडावे. मुलाची संगत, त्याची शाळा आणि रात्री घरी येण्याची वेळ यांकडे आई-वडिलांनीच लक्ष द्यावे. दगड उचलणाऱ्या हाताला घरातूनच आवर घालावा. मोर्चा असो वा मिरवणूक, बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत रक्तरंजित मार्ग सोडून संविधानाच्या मार्गाने जाण्याचा जो इशारा दिला, तो मुलाला समजावून सांगावा.

त्याबरोबरच त्याला कायदाही शिकवावा. १८ वर्षांखालील मुलास पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. त्यास २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते आणि पालकांना कळवावे लागते, ही २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाची तरतूद आहे. अटकेच्या वेळी साक्षीदाराच्या सहीने पंचनाम्यासारखी नोंद करणे, नातेवाइकास कळविणे व ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी करणे हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी बंधनकारक केले. या गोष्टी विहारातील रविवारच्या वर्गात त्रिशरण-पंचशीलाइतक्याच सहजपणे शिकविता येतील. त्या वर्गास जवळच्या ठाण्यातील एखाद्या शिपायासही बोलवावे, आणि मुलांना त्याला प्रश्न विचारू द्यावेत.