सिनेमा आवडला? मग कारण सांगा!

मुलांनो, सिनेमा बघून घरी आलं की सगळे एकच विचारतात, “काय रे, कसा होता?” आणि आपण काय सांगतो? “एकदम भारी!” नाहीतर “बोअर!” संपलं. अडीच-तीन तासांचा सिनेमा आणि त्याचा निकाल एका शब्दात! गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिलं आणि रीत लिहिलीच नाही, तर बाई पूर्ण गुण देतात का? नाही ना? मग सिनेमाच्या बाबतीतही रीत दाखवायला हवी. आवडला तर का आवडला, नाही आवडला तर का नाही.

मी नवी मुंबईत, महापे गावाच्या परिसरात प्राथमिक शाळेत शिकवते. इकडे एमआयडीसीचे कारखाने, तिकडे पारसिकचा डोंगर आणि मधून शीळफाट्याकडे धावणारे ट्रक. माझ्या वर्गात इथल्याच आगरी घरांतली मुलं आहेत, तशी मराठवाड्यातून, कर्नाटकातून, उत्तरेकडून पोटापाण्यासाठी आलेल्या घरांतलीही आहेत. घरातली भाषा प्रत्येकाची वेगळी, पण सिनेमा मात्र सगळ्यांचा! सोमवारी मधल्या सुट्टीत डबे उघडले की त्याच गप्पा.

त्या गप्पा ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वर्गातला एखादा मोठ्या आवाजाचा मुलगा “भारी” म्हणाला की सगळे “भारी, भारी” करतात. एखादीला तो सिनेमा आवडलेला नसतो, पण ती गप्प बसते. सगळे हसतील ना! आज सिनेमाबद्दल गप्प बसलो, तर उद्या दुसऱ्या कशाबद्दल तरी गप्प बसू. म्हणून म्हणते, मत मांडायचा सराव सिनेमापासूनच करू या. त्यात कोणाचं काही बिघडत नाही आणि परीक्षाही नसते.

मी काही मोठी समीक्षक वगैरे नाही बरं का! सुट्टीच्या दिवशी वाशीला नाहीतर ठाण्याला जाऊन तिकीट काढणारी, नाहीतर घरी टीव्हीसमोर भाजी निवडत बसणारी साधी प्रेक्षक. खाली काही सिनेमांबद्दल माझी मतं लिहिली आहेत. ती तुम्हाला पटलीच पाहिजेत असं मुळीच नाही. फक्त प्रत्येक मताशेजारी कारण आहे की नाही, तेवढं तपासा.

हसू नेमकं कशाचं येतं?

‘अशी ही बनवाबनवी’ हा 1988 सालचा सिनेमा. टीव्हीवर लागला की आमच्या घरात आजीपासून शेंडेफळापर्यंत सगळे बसतात. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन आणि सिद्धार्थ हे चौघे मित्र. राहायला जागा मिळत नाही आणि घरमालकीण तर फक्त जोडप्यांनाच जागा देणार. मग दोघांना साडी नेसून बायको व्हावं लागतं!

मला हा सिनेमा का आवडतो? नुसत्या साडीमुळे नाही. पुरुषाला साडी नेसवून हसवणारे सिनेमे ढीगभर आहेत. इथे गंमत आहे ती खोटेपणाची. एक थाप लपवायला दुसरी, दुसरी लपवायला तिसरी. आता पकडले जाणार, आता पकडले जाणार, असं आपल्याला सारखं वाटत राहतं आणि त्या धाकधुकीतूनच हसू फुटतं. आणखी एक गंमत सांगू? या सिनेमाचं मूळ ‘बीवी और मकान’ या 1966 सालच्या हिंदी सिनेमात आहे. म्हणजे गोष्ट जुनीच, पण सांगण्याची तऱ्हा आपली. पिठलं घरोघरी होतं, चव मात्र हातावर असते. तसंच!

भीती वाटली तर काय बिघडलं?

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला 1993 साली. एका गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, तोच तो तात्या विंचू. लहानपणी गणपतीत मंडपासमोर पांढरा पडदा लावून हा सिनेमा दाखवायचे. मोठी मुलं खो खो हसायची आणि मी आईच्या पदरामागून एका डोळ्याने बघायची.

आता बघताना भीती वाटत नाही, कौतुक वाटतं. हा बाहुला केला आणि नाचवला तो रामदास पाध्ये यांनी, म्हणजे बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारे प्रसिद्ध कलाकार. त्याची मान कशी वळते, तोंड कसं हलतं, ते मी आता मुद्दाम बघत बसते. सिनेमा तोच आहे, मी मोठी झाले. म्हणजे मत बदलू शकतं! पण भ्यायला झालं हे लहानपणीचं मतही खोटं नव्हतं. कोणी “मला भीती वाटली” म्हणालं तर त्याला हसू नका. त्यानेही त्याचं खरं मतच सांगितलेलं असतं.

एक जुना आणि एक जुन्यावरचा

आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ 1953 सालचा, साने गुरुजींच्या पुस्तकावरचा. चांगल्या चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार द्यायला 1954 साली सुरुवात झाली, आणि पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक याच सिनेमाला मिळालं. पण पदक मिळालं म्हणून आवडलाच पाहिजे का? खरं सांगते, आजच्या मानाने तो मला संथ वाटतो. पात्रं नाटकात बोलतात तशी ठासून बोलतात. तरीही वनमालाबाईंनी केलेली आई लक्षात राहते, कारण ती नुसती गोड गोड नाही. ती रागावते, शिक्षा करते आणि मग तिच्याच डोळ्यांत पाणी येतं. आपल्या घरातली आईही अशीच असते की नाही?

आता दुसरा. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईत कॉरोनेशन थिएटरमध्ये लोकांसाठी लागला. तो तयार होताना काय काय घडलं, त्यावर परेश मोकाशी यांनी 2009 साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ काढला. सिनेमात काम करायला तेव्हा बायका तयार नव्हत्या, म्हणून तारामतीचं काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केलं. कॅमेरा हातात आल्यावर फाळक्यांनी वाटाण्याचं रोप थोडं थोडं वाढताना टिपलं आणि सिनेमा म्हणजे काय ते लोकांना पटवून दिलं. मुलांना हा सिनेमा फार आवडेल. माझी एकच तक्रार आहे. यात सगळ्या अडचणी हसत हसत सुटतात. घरातलं सामान विकून सिनेमा काढणाऱ्या माणसाला आणि त्याच्या बायकोला रात्री झोप लागली असेल का? ती काळजी मला पडद्यावर थोडी जास्त दिसायला हवी होती. बघा, आवडलेल्या सिनेमातही न आवडलेली गोष्ट असू शकते!

रडू आलं म्हणजे सिनेमा चांगला?

‘श्वास’ 2004 सालचा. दिग्दर्शक संदीप सावंत. कोकणातला परशा हा लहानगा आणि त्याचे आजोबा मुंबईत डॉक्टरांकडे येतात. परशाच्या डोळ्यांना कर्करोग झालाय. जीव वाचवायचा तर ऑपरेशन करावं लागणार आणि नजर कायमची जाणार. ‘श्यामची आई’नंतर जवळजवळ 50 वर्षांनी सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीत आला, तो या सिनेमामुळे.

रडवणं सोपं असतं हो! जोरात संगीत लावा, पाऊस पाडा, रडू येतं. ‘श्वास’मध्ये अरुण नलावडे यांनी केलेले आजोबा स्वतः फार रडत नाहीत. नजर जायच्या आधी नातवाने शक्य तेवढं जग बघून घ्यावं, म्हणून ते त्याला दवाखान्यातून बाहेर घेऊन जातात. त्यांची ती धडपड बघून आपल्याला रडू येतं. दवाखान्यातलं बोलणं मधे मधे लांबतं असं मला वाटलं. पण सिनेमा संपल्यावर मी बाहेरची झाडं, रिक्षा, दुकानांच्या पाट्या जरा थांबून बघितल्या. हे माझं सर्वांत मोठं कारण.

बरोबर की चूक?

परेश मोकाशी यांचाच ‘एलिझाबेथ एकादशी’ 2014 साली आला. पंढरपूरची गोष्ट. एलिझाबेथ म्हणजे कोण माहीत आहे? एक सायकल! वडील आता नाहीत, त्यांनी स्वतः बनवलेली. आईचं विणकामाचं यंत्र कर्जापायी गेलंय आणि पैशांसाठी सायकल विकायची वेळ येते. ती वाचवायला ज्ञानेश, त्याची बहीण आणि मित्र आईला न सांगता यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतात.

आईपासून हे लपवलं ते बरोबर की चूक? आमच्या वर्गात यावरून सरळ दोन तट पडले! एक तट म्हणतो, “घरासाठीच केलं ना?” दुसरा म्हणतो, “पण आईचा जीव टांगणीला लागतो त्याचं काय?” मला दोन्ही बाजू पटल्या. ज्या सिनेमावर असं भांडता येतं, तो मला चांगला वाटतो.

याच्या शेजारी इराणचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (1997) ठेवा. भावाकडून बहिणीचे बूट हरवतात आणि दोघं एकच जोड आळीपाळीने घालून शाळेत जातात. पळण्याच्या शर्यतीत तिसऱ्या नंबराला बूट मिळणार, म्हणून अलीला पहिला नाही, तिसरा यायचं असतं! भाषा कळली नाही तरी चालते. पाय आणि चेहरे सगळं सांगतात.

आपण कोणाच्या बाजूला बसलोय?

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ 2014 साली थिएटरात आला. तो जरा मोठ्या मुलांनी, घरच्यांबरोबर बसून बघावा. जब्या हा शाळकरी मुलगा. त्याच्या घरच्यांना गावातली डुकरं पकडायला लावतात. शाळेजवळच ती पळापळ चालते आणि गाव गोळा होऊन हसतं. वर्गातली मुलंही हसतात. जब्याला तोंड कुठे लपवू असं होतं.

मी सिनेमा बघत होते तेव्हा थिएटरमधलेही काही जण हसत होते. मग शेवटी जब्या दगड उचलतो आणि थेट आपल्या दिशेने भिरकावतो. पडदा काळा! थिएटर चिडीचूप. तो दगड कोणाला मारला, हे तुम्हीच ठरवा. हा सिनेमा मला ‘आवडला’ असं म्हणता येत नाही. तो मला टोचला. पण टोचणारा सिनेमाही चांगला असू शकतो, हे मला त्यातून कळलं.

“बाई, यात काहीच होत नाही!”

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ आम्ही शाळेत प्रोजेक्टरवर दाखवला. अकरा वर्षांचा चिन्मय. वडील वारलेत, आईची बदली कोकणात झालीय. नवीन गाव, नवीन शाळा, नवीन मित्र, धो धो पाऊस. अर्ध्या तासातच वर्गात चुळबुळ सुरू झाली. “बाई, यात काहीच होत नाही. मारामारी पण नाही!” बाकीच्यांनीही लगेच री ओढली.

तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. त्याच वर्षी दुसऱ्या राज्यातून आलेली. वर्गात फारशी बोलत नसे. ती मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “बाई, होतं ना. तो गप्प बसतो, कारण नवीन गावात कोणाशी बोलायचं ते कळत नाही. मला पण नव्हतं कळत.”

सगळा वर्ग शांत! कोणी हसलं नाही. तिच्या मतात ‘कारण’ होतं, म्हणून कोणाला हसताच आलं नाही. आणि त्या दिवशी मधल्या सुट्टीत तिच्या डब्याभोवती तीन डबे जास्त उघडले.

मुलांनो, याच ‘किल्ला’ला 2014 साली जर्मनीतल्या बर्लिन महोत्सवात क्रिस्टल बेअर पुरस्कार मिळाला. तो कोणी दिला असेल? मोठ्यांनी नाही, मुलांच्या परीक्षक मंडळाने! तुमच्याएवढ्या मुलांनी जगभरचे सिनेमे बघून आपलं मत दिलं आणि कोकणातल्या पावसाची, एकट्या मुलाची गोष्ट निवडली. मराठी कळत नसून!

आता तुम्ही करून पाहा

एक जुनी वही घ्या. सिनेमा बघितला की त्यात चारच ओळी लिहा.

1. कुठला एक प्रसंग डोळ्यांसमोर राहिला?
2. मला काय वाटलं? हसू, भीती, राग, कंटाळा, काहीही चालेल.
3. असं का वाटलं? इथे ‘कारण’ हा शब्द आलाच पाहिजे.
4. काय पटलं नाही?

किती कोटी कमावले, नट कोण, मित्र काय म्हणाला, हे या वहीत लिहायचं नाही.

आणि पालकांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. सिनेमाहून येताना बसमध्ये, रिक्षात मुलांना विचारा, पण आपलं मत आधी सांगू नका. तुम्ही “फालतू होता” म्हणालात की मूल आपलं वाक्य गिळून टाकतं. त्याला आधी बोलू द्या. त्याचं मत तुमच्याहून वेगळं निघालं तर रागावू नका. फक्त विचारा, “बरं, का वाटलं तुला असं?”

आता मुलांनो, या लेखातलं माझं कुठलं मत तुम्हाला पटलं नाही, ते शोधा आणि वहीच्या पहिल्या पानावर खोडून काढा. अगदी बिनधास्त! फक्त कारण लिहायला विसरू नका.