खनिजांची रक्ततपासणी: नमुना कसा घ्यावा, कसा ठेवावा

रक्तातील खनिजांच्या तपासणीत सर्वांत चटकन चुकणारा आकडा पोटॅशियमचा. रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळसर द्रवात, म्हणजे सीरममध्ये, निरोगी प्रौढाचे पोटॅशियम लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असते. तांबड्या पेशींच्या आत मात्र ते पंचवीस पटींहून अधिक असते. त्यामुळे नमुन्यातील थोड्या पेशी फुटल्या तरी अहवालातला आकडा वाढतो. मॅग्नेशियम आणि जस्तही पेशींत जास्त असल्याने त्यांचेही तसेच होते.

काळजी रक्त घेतानाच सुरू होते. दंडाचा पट्टा मिनिटाहून जास्त वेळ आवळलेला राहिला, की शिरेतले पाणी बाहेर झिरपते, प्रथिने दाट होतात आणि त्यांना जोडलेले कॅल्शियम वाढल्यासारखे दिसते. मुठीची सतत उघडझाप केल्यास पोटॅशियम वाढते. सलाईन चालू असलेल्या हाताचे रक्त तर घेऊच नये.

ट्यूबची निवडही महत्त्वाची. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीएचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो आणि तो कॅल्शियमला बांधून ठेवतो. त्यातले रक्त लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये ओतले, तर पोटॅशियम भलतेच चढते आणि कॅल्शियम घसरते. जस्त, तांबे यांच्यासाठी गडद निळ्या टोपणाची खास ट्यूब वापरतात, कारण साध्या ट्यूबच्या रबरी बुचातून जस्त नमुन्यात उतरू शकते.

लाल टोपणाच्या ट्यूबमधले रक्त सुमारे अर्धा तास उभे ठेवून पूर्ण गोठू द्यावे, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून दोन तासांच्या आत सीरम वेगळे करावे. त्याआधी ट्यूब फ्रिजमध्ये ठेवू नये. पेशींच्या आवरणातील पंप पोटॅशियम आत ओढत असतो. थंडीत तो मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपते. पेशी फुटलेल्या नसल्याने सीरम पिवळेच दिसते आणि कुणाला शंका येत नाही. उलट, कडक उन्हाळ्यात रक्त तसेच राहिले तर पंप जोरात चालतो आणि पोटॅशियम कमी भरते. वेगळे केलेले सीरम मात्र २ ते ८ अंश सेल्सिअसला सुरक्षित राहते.

अनपेक्षित आकडा आला आणि प्रकृतीत तशी लक्षणे नसली, तर घाबरून न जाता डॉक्टरांना लगेच विचारावे आणि त्यांच्या सल्ल्याने नव्या नमुन्यावर तपासणी करून घ्यावी.