नोटिशीतले इंग्रजी शब्द

इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. पण कारखान्याच्या फाटकावरील नोटिशीत तोच शब्द निराळे रूप घेतो. आपल्या मुखेड तालुक्यातील पुष्कळ मुले पुण्या-मुंबईस, हैदराबादेस कामाला जातात. त्यांची भाकर या शब्दांवर अवलंबून असते, म्हणून ते नीट समजून घेऊ.

प्रथम 'स्ट्राइक' घ्या. शाळेत आपण त्याचा अर्थ 'मारणे' असा शिकतो. मग त्याचा संप कसा झाला? १७६८ साली लंडनच्या बंदरात खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडे उतरवून ठेवली. शिड उतरवणे यालाही इंग्रजीत 'स्ट्राइक' म्हणतात. त्यावरून कामबंदीला ते नाव पडले.

'लॉकआउट' म्हणजे टाळेबंदी. काम दोन्हीत बंदच. पण संप कामगार करतो, टाळे मालक लावतो. त्या दिवसांच्या पगाराचा वाद निघाला की पहिला प्रश्न हाच येतो.

खरा घोटाळा पुढेच आहे. अमेरिकेत 'ले-ऑफ' म्हणजे बहुधा नोकरीच गेली. आपल्या कायद्यात तसे नाही. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, यंत्र मोडले, म्हणून मालक काही काळ काम देऊ शकत नाही. पण नाव मस्टरवर कायम राहते. हा ले-ऑफ. शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कारणाने मालकाने कामगाराला कायमचे कमी केले, तर ती 'रिट्रेंचमेंट', म्हणजे कपात.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली या दोहोंची भरपाई वेगवेगळी ठरली. वर्षभर सलग नोकरी झालेल्या पात्र कामगाराला ले-ऑफमध्ये मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम. कपातीत एक महिन्याची नोटीस आणि दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हा भेद कायम ठेवला आहे.

आता 'रेझिग्नेशन' पाहा. याचा अर्थ आपण होऊन दिलेला राजीनामा. मालकाला कपात करायची असते आणि कागदावर मात्र हा शब्द असतो. कामगाराने न वाचता सही केली की कपातीची भरपाई मागण्याचा त्याचा पायाच ढासळतो.

तेव्हा सहीपूर्वी तीन गोष्टी विचाराव्या. काम कोणी थांबवले? तात्पुरते की कायमचे? नाव मस्टरवर आहे की नाही? उत्तर मराठीत मागावे, आणि ते पटेपर्यंत पेन खिशातच राहू द्यावे.